एस.टी.तील प्रशिक्षण व बढती : गॅरेजवाले आणि गाडीमालकांनी काय घ्यावे?

आपल्या वाचकांपैकी अनेक जण गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, बॉडीकाम, सीटकाम किंवा टूर्स-ट्रॅव्हल्सच्या धंद्यात आहेत. हातात हुनर आहे, गिऱ्हाईकही आहे. परंतु उस्तादाकडे शागीर्द म्हणून आलेला मुलगा दहा वर्षे काम करूनही कागदावर अडाणीच राहतो. तो काय शिकला, केव्हा शिकला, कोणी तपासले, याची कोठेच नोंद नसते. याच कामांसाठी मोठी बस कंपनी माणूस कसा तयार करते, हे म्हणून समजून घेतले पाहिजे. आपल्या राज्यात याचे जवळचे उदाहरण म्हणजे एस.टी.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. आज दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, तर भोसरीला प्रशिक्षण संस्था आहे. कार्यशाळेत पत्रा, वेल्डिंग, रंग, इंजिन, वायरिंग अशी आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये होणारीच कामे होतात. फरक आहे तो पायऱ्यांचा. सहायक म्हणून लागलेला माणूस कारागीर 'क', मग 'ब', मग 'अ' आणि त्यानंतर प्रमुख कारागीर होऊ शकतो. वाहकाला पुढे वाहतूक नियंत्रक व त्यानंतर वाहतूक निरीक्षकापर्यंतची वाट असते. एस.टी.त सर्व काही आलबेल आहे, असे मुळीच नाही. बढतीला वर्षे लागतात आणि पगाराच्या व विलीनीकरणाच्या प्रश्नावर 2021-22 मध्ये झालेला दीर्घ संप सर्वांना आठवत असेल. तरीही पुढची पायरी कोणती व तिच्यासाठी काय लागते, हे कामगाराला पहिल्या दिवसापासून माहीत असते. आपल्याकडे मात्र पगारवाढ मालकाच्या मर्जीवर आणि सणाच्या मुहूर्तावर अवलंबून असते!

चालकाच्या बाबतीत तर प्रशिक्षणाचा हिशेब थेट रुपयांत मांडता येतो. प्रवासी वाहन चालविण्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असल्याशिवाय शिकाऊ परवाना मिळत नाही. पण परवाना मिळाला म्हणजे चालक तयार झाला, असे नाही. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये, इंजिन बंद करू नये, ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, हे शिकवावे लागते. इंजिन बंद पडले की कॉम्प्रेसर थांबतो आणि वारंवार ब्रेक दाबल्यावर हवेचा दाब उतरत जातो. डिझेल वाचविण्याच्या नादात न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा चालक सर्वांचाच जीव धोक्यात घालतो.

डिझेल वाचते ते नीट चालविण्याने. एस.टी.त चालकाच्या कामाचे मोजमाप करताना के.एम.पी.एल., म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, हा आकडा पाहिला जातो. समजा, आपली बस रोज 300 किलोमीटर धावते. एका चालकाच्या हाती ती लिटरला 5 किलोमीटर देते, दुसऱ्याच्या हाती साडेचार. पहिल्याला 60 लिटर लागतात, दुसऱ्याला सुमारे 66.7. महिन्याचे 25 दिवस धरले तर फरक जवळपास 167 लिटरचा झाला. लिटरला 90 रुपये भाव धरला तरी महिन्याकाठी पंधरा हजार रुपये जातात. ज्या मालकाकडे प्रत्येक चालकाची वेगळी वही नाही, त्याला ही गळती दिसणारच नाही. वही ठेवल्यावर मात्र कमी आकडा देणाऱ्याला दम देण्याऐवजी चांगल्या चालकाशेजारी चार दिवस बसवावे. त्या चांगल्या चालकाला शिकविण्याचे वेगळे पैसेही द्यावेत.

आता गॅरेजकडे वळू. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे. 2019 च्या दुरुस्त नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे; 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे पाच-सहा माणसांचे गॅरेजही यात येऊ शकते. रीतसर करार करावा लागतो, ठरलेले विद्यावेतन द्यावे लागते, कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. मोटार मेकॅनिकसारख्या ठरलेल्या व्यवसायात मुदतीनंतर परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यास देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. चौदा वर्षांखालील पोराला 'काम शिकायला' म्हणून गॅरेजात ठेवणे मात्र गुन्हा आहे.

यावर नेहमीची तक्रार अशी, की शिकविले की पोरगा पळतो. ती खोटी नाही. पण कायद्यातच याची सोय आहे : प्रशिक्षणानंतर त्याच मालकाकडे नोकरी करण्याची अट करारात घालता येते. मात्र अट घातली, तर त्याला योग्य काम देण्यास मालकही बांधील राहतो. बहुतेक पोरे दोन-तीन हजारांसाठी जातात असे आपण समजतो. पुढची पायरी दिसत नाही, हे खरे कारण अनेकदा असते.

जे आज तिशी-पस्तिशीत आहेत, काम पक्के येते पण कागद नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत (सुरुवात 2015) आधीपासून अवगत असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. हे प्रमाणपत्र आय.टी.आय.ची जागा घेत नाही. नोकरीसाठी अर्ज करण्यापूर्वी जाहिरातीतील अट वाचावी, नाहीतर फीचे पैसे वाया जातात.

आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही. एप्रिल 2020 पासून बी.एस.-6 इंजिने आली. त्यांत सेन्सर, संगणकीय नियंत्रण आणि धूर साफ करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची टाकी आली. आवाजावरून दोष ओळखणारे कान आजही मोलाचे आहेत, पण स्कॅनर लावून कोड वाचता आला नाही, तर ती गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जाणार. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. अशा बसच्या बॅटरीचा दाब काही शे व्होल्टचा असतो. तेथे आधी वीज तोडायची, इन्सुलेटेड हातमोजे घालायचे, दाब शून्य झाल्याचे मीटरने तपासायचे आणि मगच पान्हा लावायचा. ही शिस्त न शिकता केबलला हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतेल.