पुस्तकाला पट्टी लावण्यापूर्वी

गेल्या वर्षी एका ग्रंथालयात माझ्या नावावर एक पुस्तक येणे निघाले. वास्तविक ते मी परत केले होते. परंतु देवघेवीच्या नोंदीत ते जमा झालेले दिसेना. नियमाप्रमाणे पुस्तकाची किंमत भरावी लागली. पामला घरी त्या पैशांचा हिशेब देताना आईने विचारले, "पुस्तक परत दिलेस, मग पैसे कशाचे?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे चार महिन्यांनी साठा पडताळणीत तेच पुस्तक सापडले. इतिहासाचे ते पुस्तक अर्थशास्त्राच्या कपाटात उभे होते! कोणाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. हजारो पुस्तकांत एखादे चुकीच्या जागी गेले, की ते हरवल्यासारखेच असते.

"पुस्तकांना आर.एफ.आय.डी. पट्ट्या लावल्या, की असे होणार नाही," असे त्या वेळी अनेकांनी सांगितले. ते कितपत खरे, आणि अशा पट्ट्या विकत घेताना काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ही पट्टी म्हणजे काय ते पाहू. चारोटीच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरील फास्टॅग यंत्राने दुरून वाचला जातो, हे आपण पाहतो. ग्रंथालयातील पट्टी त्याच कुळातली. कागदी चिकटपट्टीच्या आत धातूच्या बारीक तारेसारखे वेटोळे असते व त्याला मोहरीहून लहान चिप जोडलेली असते. पट्टीत बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या रेडिओ लहरींमुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप आपला क्रमांक कळवते. बारकोड डोळ्यांसमोर धरावा लागतो. ही पट्टी मुखपृष्ठाच्या आत असली तरी वाचता येते. त्यामुळे चार-पाच पुस्तकांची गठ्ठ्याने देवघेव होते, नोंद न करता नेलेले पुस्तक दारातील फाटक ओळखते, आणि हातातील यंत्र कपाटावरून फिरविले, की चुकीच्या जागी बसलेले पुस्तक सापडते. माझ्या दृष्टीने हा तिसरा उपयोग सर्वांत मोठा आहे.

सिंगापूरच्या बुकित बातोक ग्रंथालयात १९९८ मध्ये ही पद्धत आली. आपल्या देशात जम्मू विद्यापीठाचे धन्वंतरी ग्रंथालय व पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय यांनी ती लवकर स्वीकारली. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच मांडले होते. त्या कसोटीवर ही पद्धत उतरते यात शंका नाही.

आता खरेदीकडे वळू. महाविद्यालयात तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दर स्वीकारण्याची रीत आहे. पट्ट्यांच्या बाबतीत केवळ दर पाहणे धोक्याचे होईल. पुढील गोष्टी आधी विचारल्या पाहिजेत.

एक, पट्टी कोणत्या लहरींवर चालते? ग्रंथालयांत मुख्यतः १३.५६ मेगाहर्ट्झची पट्टी वापरतात. फास्टॅग ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो व कित्येक मीटरवरून वाचता येतो. त्या प्रकारच्या पट्ट्याही पुस्तकांसाठी मिळतात. परंतु दोन्ही प्रकारांची यंत्रे वेगळी. एक प्रकार घेऊन पुढे दुसरा घेतला, तर सारी पुस्तके पुन्हा हाताळावी लागतील.

दोन, पट्टी आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे आहे काय? १३.५६ मेगाहर्ट्झसाठी आय.एस.ओ. १५६९३ हे प्रमाण आहे, आणि पट्टीत माहिती कशी भरावी यासाठी २०११ मध्ये आय.एस.ओ. २८५६० प्रसिद्ध झाले. एखाद्या विक्रेत्याने माहिती स्वतःच्या गुप्त पद्धतीने भरली, तर उद्या दुसऱ्याचे यंत्र ती वाचणार नाही. मग पट्ट्या आपल्या, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी अवस्था होते. म्हणून पट्टीला संकेतशब्द घातला असल्यास तो ग्रंथालयाच्या स्वाधीन करण्याची अट करारात हवी.

तीन, आपल्या कपाटांत ती चालते काय? आपल्याकडे बहुतेक कपाटे लोखंडी. धातूजवळ या लहरी दुबळ्या होतात. शिवाय कवितासंग्रहासारख्या बारीक पुस्तकांत पट्ट्या एकमेकींवर आल्या, तर वाचनात चूक होते. म्हणून त्या थोड्या वर-खाली लावाव्या लागतात. आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यातील समुद्राकाठच्या दमट हवेत गोंद टिकतो काय, हेही पाहिले पाहिजे. थोड्या पट्ट्या नमुन्यादाखल घेऊन एक पावसाळा जाऊ द्यावा, हे उत्तम.

चार, पट्टीत काय लिहावयाचे? पुस्तकाचा दाखल क्रमांक पुरेसा आहे. वाचकाचे नाव पट्टीत कदापि असू नये. कोण काय वाचतो, हे येणाऱ्या-जाणाऱ्या यंत्राला कळण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. समजा, एका गावच्या वाचनालयात ५,००० पुस्तके आहेत आणि एका पट्टीचे १० रुपये धरले. तर नुसत्या पट्ट्यांचे ५०,००० रुपये झाले. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली 'ड' वर्गाच्या वाचनालयाचे २०२२ च्या वाढीत ठरलेले वर्षाचे अनुदान ४८,००० रुपये होते! त्यातूनच सेवकाचे वेतन, वर्तमानपत्रे व नवी पुस्तके. वाचकयंत्र व फाटक यांचा खर्च आणखी निराळा. अशा वाचनालयाने पट्ट्या घ्याव्यात असे म्हणणे म्हणजे जेवण विकून ताट घेण्यासारखे आहे. तेथे बारकोड आणि 'कोहा'सारखी विनामूल्य संगणकप्रणाली पुरेशी आहे. मोठ्या महाविद्यालयाचे गणित वेगळे. तेथे रोजची देवघेव मोठी असते आणि पडताळणीत दिवसच्या दिवस जातात.

परंतु तेथेही एक क्रम पाळावा लागेल. पट्टीला पुस्तक कळत नाही, क्रमांक कळतो. दाखलनोंद वहीत दोन पुस्तकांना एकच क्रमांक पडला असेल, किंवा बाद केलेली पुस्तके यादीत तशीच असतील, तर यंत्र ती चूक अधिक वेगाने करील. म्हणून आधी वही तपासावी, बाद करावयाची पुस्तके बाद करावीत, यादी संगणकावर घ्यावी, आणि मगच पट्टी लावावी. फाटकावरही सगळा विश्वास टाकू नये. पट्टी सोलून काढता येते. धातूच्या वर्खात गुंडाळली तर फाटक मुके राहते.

शेवटी माझ्या त्या पुस्तकाकडे येते. पट्टी असती, तर ते चार महिन्यांऐवजी कदाचित चार मिनिटांत सापडले असते, हे मी मान्य करते. पण मला पैसे भरावे लागले ते पट्टी नव्हती म्हणून नव्हे. पुस्तक परत दिल्याचा पुरावा माझ्या हाती नव्हता म्हणून. पट्टी लावल्यावरही यंत्राच्या नोंदीत चूक झाली, तर विद्यार्थी तसाच रिकाम्या हाताने उभा राहील.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पट्ट्यांची खरेदी होईल तेव्हा होवो. तोपर्यंत पुस्तक परत घेताना तारीख, दाखल क्रमांक व सही असलेली छोटी पावती प्रत्येक विद्यार्थ्याला मिळावी. आणि पुढे यंत्र आले, तर त्यातूनही ती पावती छापून मिळावी, अशी अट खरेदीच्या कागदात पहिल्याच दिवशी लिहावी. मग कोणा मुलीला घरी हिशेब देताना मान खाली घालावी लागणार नाही.