'निरंक' लिहिण्याआधी : मुलांच्या उपक्रमांचं वजन कसं करायचं?



आजचा पाठ मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांत एक रकाना असतो : 'अभ्यासेतर उपक्रम'. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातली आपली मुलं तिथे बहुतेक वेळा एकच शब्द लिहितात, 'निरंक'. आणि आपण खाली सही करतो.

मीही केली आहे. माझी एक विद्यार्थिनी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. एका विद्यापीठाचा अर्ज भरताना मी विचारलं, "शाळेबाहेर काय काय करतेस?" ती म्हणाली, "काही नाय बाई, घरीच असते." मी 'निरंक' लिहू दिलं. पुढे मुलाखतीतही तिला हाच प्रश्न आला आणि तिने हेच उत्तर दिलं. प्रवेश मिळाला नाही. त्याचं कारण तेवढंच होतं असं मी म्हणणार नाही. पण नंतर दाखल्याच्या कामासाठी तिच्या पाड्यावर गेले, तेव्हा संध्याकाळची वेळ होती. ओटीवर तिची दोन धाकटी भावंडं आणि शेजारची चार पोरं पाट्या घेऊन बसली होती. ही त्यांना वारलीत समजावून मराठी अक्षरं गिरवून घेत होती. आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तेव्हापासून पावसाळ्यापर्यंत घर हीच सांभाळते. आठवीपासून हे चालू होतं. मी तिला चार वर्षं शिकवत होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

कोसबाडने हे आधीच शिकवलं होतं

लाज वाटण्याचं आणखी एक कारण म्हणजे आपण कोसबाडच्या सावलीत काम करतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आलं. मुली शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेतल्यावर दिसलं की त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तीच विकासवाडी. गुरं राखणारी मुलं वर्गात येऊ शकत नव्हती, तर शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत.

इथे दोन गोष्टी एकदम घडल्या. मुलाचं घरचं काम 'काहीच नाही' असं कुणी मानलं नाही, आणि ते ओझं तसंच राहू दे असंही कुणी म्हटलं नाही. आजच्या अर्जाच्या रकान्याकडे बघताना हे दोन्ही लक्षात ठेवायचं आहे.

उपक्रम कुठे मोजले जातात, कुठे नाही

आधी हिशोब स्पष्ट करू, म्हणजे पालक उगाच धावपळ करणार नाहीत.

• अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश सीईटी, जेईई, नीटच्या गुणांवर होतात. तिथे प्रमाणपत्रांची फाईल कुणी उघडत नाही. अपवाद खेळाडूंसारख्या राखीव जागांचा, तोही जिथे नियमात असेल तिथेच.

• दहावीला काही उपक्रमांचे थेट वाढीव गुण मिळतात. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३ गुण आहेत. खेळ, शास्त्रीय कला आणि लोककला यांनाही नियमाप्रमाणे गुण मिळतात. पण प्रस्ताव शाळेने वेळेत पाठवावा लागतो. त्या वर्षीचं परिपत्रक वाचणं हे आपलं काम आहे.

• मुलाखत किंवा निबंध घेणारी विद्यापीठं, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था आणि सैन्यदलाची एसएसबी मुलाखत इथे उपक्रमांना खरं वजन असतं. परदेशी विद्यापीठांच्या 'कॉमन ॲप' अर्जात जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरांची जागा असते. हार्वर्डच्या शिक्षणशाखेने २०१६ मध्ये काढलेल्या अहवालातही म्हटलं आहे की उपक्रमांची लांबलचक यादी नको, थोडं पण मनापासून केलेलं बघा, आणि भावंडांना सांभाळणं किंवा घराला हातभार लावणं हेही योगदान म्हणून मोजा.

म्हणजे तिकडेही गाडी शेवटी कोसबाडच्याच रस्त्याला आली.

वजन करण्याचे पाच प्रश्न

मी आता प्रत्येक उपक्रमाला पाच प्रश्न विचारते. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण.

१. सातत्य : किती काळ केलं? एक दिवस, एक सत्र, की वर्षानुवर्षं?

२. जबाबदारी : हे मूल नसतं तर काय अडलं असतं?

३. बदल : त्यामुळे कुणाचं काय बदललं? आकड्यात सांगता येईल का?

४. पुढाकार : सांगितलं म्हणून केलं, की स्वतः सुरू केलं, पुढे नेलं?

५. साक्ष : घरच्यांशिवाय कोण सांगू शकेल?

आता तीन उदाहरणं घेऊ.

पहिला विद्यार्थी. फाईलमध्ये चौदा प्रमाणपत्रं. ऑनलाइन प्रश्नमंजुषा, एकदिवसीय शिबिरं, 'सहभागाबद्दल' मिळालेले कागद. सातत्य ०, जबाबदारी ०, बदल ०, पुढाकार १, साक्ष २. एकूण ३. यात मुलाचा दोष नाही. पालकांनी पैसे भरले, आपण प्रोत्साहन दिलं. पण 'यातून काय शिकलास?' या प्रश्नावर तो मुलाखतीत गप्प बसेल.

दुसरा विद्यार्थी. आजोबांकडून तारपा शिकलेला. सुकलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण जमवून तो आता स्वतः तारपा तयार करतो. भात कापणीनंतरच्या नाचाला तो वाजवतो आणि सगळा फेर त्याच्या सुरावर फिरतो. सातत्य २, जबाबदारी १, बदल १, पुढाकार २, साक्ष २. एकूण ८. अर्जात मात्र त्याने लिहिलं होतं : 'छंद : संगीत ऐकणे'. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तारपा म्हणजे गावातलं ना सर लोकांना काय कळणार." शाळेत आपण कशाला टाळ्या वाजवतो, ते या उत्तरात दिसतं.

तिसरी, माझी ती विद्यार्थिनी. सातत्य २, जबाबदारी २, बदल २, पुढाकार २, साक्ष ०. एकूण ८. साक्षीचा शून्य तिच्या नावावर टाकायला माझा हात धजत नाही. बघायला कुणी गेलंच नव्हतं.

लिहायचं कसं

मोठे शब्द नकोत. 'समाजसेवेची आवड', 'नेतृत्वगुण' यांनी काही कळत नाही. काम, काळ आणि परिणाम एवढंच सांगायचं. तिच्या अर्जात असं लिहिता आलं असतं :

'चार वर्षं रोज संध्याकाळी दोन भावंडांना आणि पाड्यावरच्या चार मुलांना वारलीतून समजावून मराठी वाचन शिकवलं. आईवडील कामासाठी बाहेरगावी असताना घर सांभाळलं.'

दोनच वाक्यं, आणि प्रत्येक शब्द खरा. खोटं किंवा फुगवलेलं कधीच लिहू देऊ नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं, आणि मुलाला वाटतं की आपलं खरं जगणं सांगण्यासारखं नव्हतं म्हणून बाईंनी खोटं लिहायला लावलं.

एक सावधगिरी

घरच्या कामाचा मान ठेवायचा याचा अर्थ मुलांना राबवायचं असा नाही. वाडीत चिकू वेचण्यासाठी मूल आठवडाभर शाळा बुडवत असेल, तर तो 'उपक्रम' म्हणून लिहून मोकळं होता येणार नाही. आधी घरी जाऊन बोलायचं, हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते बघायचं. रकाना भरणं हे त्यानंतरचं काम. विकासवाडीत भावंडासाठी पाळणाघर काढलं होतं, मुलीला नुसती शाबासकी देऊन थांबले नव्हते.

आपल्याला करता येण्यासारखं

• आठवीपासून प्रत्येक मुलाची एक साधी वही ठेवा. महिन्यातून एकदा त्याने चार ओळी लिहायच्या : शाळेबाहेर मी काय केलं, कुणासाठी केलं, काय जमलं नाही.

• वर्षातून एकदा तरी पाड्यावर जा, आणि गेलात तर संध्याकाळी जा. सकाळी मुलं आपल्याकडेच असतात.

• जे बघाल ते तारखेसह वहीत लिहून सही करा. शिफारसपत्र लिहिताना तीच साक्ष होते.

• पालकांनो, नवीन क्लास लावण्याआधी मुलाला विचारा : आत्ता जे करतोयस त्यातलं काय पुढे न्यायला आवडेल? दोन गोष्टी पुरेत.

• बारावीच्या मुलांची एकदा तोंडी मुलाखत घ्या. "काही नाही" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न तयार ठेवा : "काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस, ते सांग." बहुतेक वेळा उपक्रम त्या उत्तरात सापडतो.

माझी विद्यार्थिनी आता तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए. करते आहे आणि ओटीवरचा वर्ग अजून चालू आहे. गेल्या महिन्यात ती एका शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली. या वेळी आम्ही दोघींनी तो रकाना पेन्सिलीने तीनदा लिहिला, खोडला, आणि मग पेनाने भरला. निकाल अजून यायचा आहे.

तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलाने यंदा 'निरंक' लिहिलं आहे? अर्जाची मुदत संपायच्या आत त्याच्या घरी एक चक्कर मारून या.