तामचिनी : भंगाराच्या काट्यावरून लिलावाच्या बोलीवर

खामगाव, मलकापूर, नांदुरा, चिखली या गावांत भंगाराच्या व्यवसायात आमचे अनेक बांधव आहेत. लोखंड, पितळ, तांबे, जर्मन, रद्दी यांचे रोजचे भाव त्यांना तोंडपाठ असतात. परंतु एक वस्तू अशी आहे की ती आजही डोळे झाकून लोखंडाच्या भावात काट्यावर टाकली जाते. ती म्हणजे तामचिनी, अर्थात एनॅमल. या अंकात आम्ही तिचाच विचार करणार आहोत.

लोखंडी पत्र्यावर काचेची पूड चढवून सुमारे ८०० अंश तापमानाच्या भट्टीत भाजली की काच वितळून पत्र्याला घट्ट धरते. हीच तामचिनी. सोन्याचांदीवर हेच काम केले की त्याला मीना म्हणतात. तांब्यापितळेच्या भांड्याला वारंवार कल्हई लागते, तामचिनीला लागत नाही. म्हणून ती झपाट्याने घरोघर पोहोचली. दस्तरखानावरील रकाब्या, तबके, हात धुण्याची चिलमची, प्रवासाचा डबा हे सर्व एके काळी तामचिनीचे असे. पुढे स्टील आले आणि ही भांडी माळ्यावर गेली.

भांड्यांपेक्षा अधिक मागणी आहे ती जाहिरातीच्या पाट्यांना. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो कापसासाठी. कापसाच्या पैशामागून चहा, साबण, शिवणयंत्रे, टायर आणि रॉकेल विकणाऱ्या कंपन्या बाजारपेठेच्या गावांत आल्या. ऊनपावसात रंग उडू नये म्हणून त्या तामचिनीच्या पाट्या लावीत. १९३०-४० च्या काळात चहा कसा करावा हे शिकविणाऱ्या पाट्या रेल्वे स्थानकांवर लागल्या होत्या. आज अशा पाट्यांचे संग्राहक देशात आणि परदेशात आहेत. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर त्यांचा व्यापार चालतो आणि इंटरनेटवर बोल्या लागतात. समजा, पाटी ४ किलोची आहे आणि लोखंडाचा भाव किलोला ३० रुपये आहे. काट्यावर तिचे १२० रुपये होतील. तीच पाटी जाणकारांच्या बोलीत किती पटींनी जाईल हे तिची भाषा, चित्र आणि अवस्था ठरविते.

भाव आला तेथे नक्कलही आली. चुंबक लावून पाहणारे पुष्कळ भेटतात. पण चुंबक खऱ्या पाटीलाही चिकटते आणि कालच्या छापील पत्र्यालाही. त्यावरून फक्त लोखंड आहे एवढेच कळते. आम्ही सांगू की डोळे मिटून बोट फिरवा. जुन्या पाटीत प्रत्येक रंग वेगळा चढवून वेगळा भाजलेला असतो, त्यामुळे अक्षराची कड बोटाला लागते. छापील पत्रा सपाट लागतो. मागची बाजू पाहा. तेथेही बहुधा काळपट अस्तर भाजलेले असते. खिळ्यांच्या भोकांभोवती काच कपच्यांनी उडालेली असते आणि आतला गंज जुना, काळसर तपकिरी दिसतो. आम्लाने आणलेला ताजा गंज नारिंगी असतो आणि जेथे झीज होण्याचे कारण नाही तेथेही सारखा पसरलेला असतो. शंका आली तर नखांचा रंग काढण्याचे द्रव कापसावर घेऊन कोपऱ्यात पुसून पाहावे. रंग सुटतो, काच सुटत नाही. दुरुस्ती करून रंगविलेला भागही याने उघडा पडतो.

भांडी घेणाऱ्यांना एक इशारा. जुन्या तामचिनीत शिसे, अँटिमनी, तर लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकते. तीत दही, चिंच, लिंबू ठेवू नये. ती फळीवर शोभते.

आता लिलावाकडे वळू. आपल्याकडे धान्यबाजारात लिलावाला हर्रास म्हणतात. हा शब्द अरबी 'हराज'वरून आला. एक अन्सारी गृहस्थ मदत मागण्यास आले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या घरातील एक जाडेभरडे वस्त्र आणि पाण्याचा प्याला मागवून घेतला. एकाने एक दिरहम देऊ केला. अधिक कोण देतो, असे प्रेषितांनी (स.) पुन्हा विचारले आणि दोन दिरहमांना त्या वस्तू विकल्या. एका दिरहमाचे घरच्यांसाठी अन्न व दुसऱ्याची कुऱ्हाड घेण्यात आली. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तेव्हा चढती बोली जायज आहे. निषिद्ध आहे तो 'नजश', म्हणजे घेण्याचा इरादा नसताना भाव फुगविण्यासाठी बोललेली बोली. देशाचा कायदाही येथे जवळ येतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ नुसार विक्रेत्याने खोट्या बोलीने भाव चढविला तर खरेदीदार सौदा रद्द करू शकतो. किमान भाव उघडपणे जाहीर करणे वेगळे, त्यात गैर नाही. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, नंतर नाही. शिवाय लिलावगृहे बोलीच्या रकमेवर आपले शुल्क व कर लावतात. तो आकडा आधी विचारून मगच आपली शेवटची बोली कागदावर लिहून ठेवावी.

खरा पेच घराच्या उंबरठ्यावर येतो. एखादी म्हातारी माळ्यावरची पाटी लोखंडाच्या भावात द्यायला निघते आणि घेणाऱ्याला तिची किंमत ठाऊक असते. बाजारात येणाऱ्या काफिल्याला वाटेत गाठून त्यांच्या अज्ञानाचा फायदा घेण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, आणि बाजारभाव कळल्यावर सौदा मोडण्याचा अधिकार विक्रेत्याला दिला आहे. व्यापाऱ्याने आपल्या ज्ञानाचा नफा घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. पारख, वाहतूक, जोखीम याचे मोल आहेच. पण "खालाजान, ही भंगार नाही, हिला गिऱ्हाईक वेगळे आहे" एवढे सांगून भाव करावा, किंवा ठरीव दलालीवर तिच्या वतीने विकून द्यावी.

कायद्याच्या दोन बाबी भंगारवाल्यांनी विसरू नयेत. रेल्वेच्या मालमत्तेविषयी १९६६ चा कायदा कडक आहे. चोरीची रेल्वे पाटी वा दिवा दुकानात सापडला तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेच्या लिलावातील पावती असेल तरच असा माल घ्यावा. दुसरे, १०० वर्षे पूर्ण झालेली कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही. १९२० च्या दशकातील माल आता शंभरी गाठत आहे, म्हणून वयाची नोंद वहीत ठेवावी.

ती वही जकातीलाही उपयोगी पडते. हौसेने फळीवर मांडलेल्या भांड्यांवर जकात नाही. विकण्यासाठी घेतलेला माल मात्र निसाब व वर्ष पूर्ण झाल्यावर हिशेबात येतो. तेव्हा खरेदीचे १२० रुपये धरून चालत नाही. त्या दिवशीच्या बाजारभावावर अडीच टक्के काढावे लागतात.