बायोगॅस बर्नरसाठी ज्योत-सुरक्षा व्यवस्था : रचना, जोडणी आणि चाचणी

लखनौ येथील नियोजन संशोधन व कृती विभागाने १९७८ मध्ये तत्कालीन इटावा जिल्ह्यातील अजितमल केंद्रात ‘जनता’ बायोगॅस संयंत्र विकसित केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या संयंत्रातील पोलादी तरंगत्या टाकीच्या जागी विटांचा स्थिर घुमट आला व बांधकामाचा खर्च घटला. मात्र तरंगत्या टाकीच्या वजनाने गॅसचा दाब जवळजवळ एकसारखा राहतो, तर स्थिर घुमटात तो साठ्यानुसार चढतो व उतरतो.

स्वयंपाकघरात शेगडीजवळ कोणीतरी असते, त्यामुळे हा फरक फारसा जाणवत नाही. पिल्लांच्या ब्रूडरमध्ये किंवा गोठ्यातील पाणी तापविण्याच्या बंबाखाली मात्र बर्नर तासन् तास एकटा जळतो. साठा संपून ज्योत विझते, पहाटेपर्यंत घुमटात पुन्हा गॅस जमतो आणि उघड्या तोटीतून तो न जळता खोलीत पसरतो. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरते.

रचना व कार्य

या व्यवस्थेचे तीन घटक आहेत : लहान पायलट ज्योत, थर्मोकपल आणि विद्युतचुंबकीय सुरक्षा झडप. पायलट ज्योतीत तापलेल्या थर्मोकपलमध्ये काही मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो. तेवढ्यावर चुंबक झडप उघडी धरून ठेवतो. बाहेरील वीज लागत नाही. ज्योत विझली की थर्मोकपल थंड होते, चुंबक सुटतो आणि स्प्रिंग झडप मिटवते. झडप व थर्मोकपल प्रमाणित व तयारच घ्यावेत. घरी करावयाची ती केवळ जोडणी.

जोडणी

१. गॅसचा क्रम असा असावा : मुख्य तोटी, पाणी-सापळा, लोखंडी किसाचा गाळक, सुरक्षा झडप, त्यानंतर पायलट व बर्नर. गॅसमधील हायड्रोजन सल्फाइड पितळ व तांबे कुरतडतो. म्हणून गाळक वगळू नये.

२. पायलट व बर्नर या दोहोंचा गॅस सुरक्षा झडपेतूनच गेला पाहिजे. बर्नरसाठी पुढे स्वतंत्र तोटी ठेवावी.

३. थर्मोकपलचे टोक पायलट ज्योतीतच असावे. ते केवळ बर्नरच्या ज्योतीने तापत असेल, तर पायलट विझल्याचे झडपेला कळणार नाही.

४. एलपीजीचा जेट तसाच वापरू नये. बायोगॅसची उष्णता व दाब दोन्ही कमी असल्याने, ८ सें.मी. जलस्तंभ दाबास तेवढ्याच उष्णतेसाठी छिद्राचा व्यास सुमारे अडीच पट लागतो. शक्यतो आयएस ८७४९ मानकानुसार बनविलेला बायोगॅस बर्नरच निवडावा.

चाचणी

प्रथम सर्व सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. काडी पेटवून कधीही तपासू नयेत. बर्नरची तोटी बंद ठेवून झडपेचे बटण दाबावे, पायलट पेटवावा व सुमारे अर्ध्या मिनिटाने बटण सोडावे. ज्योत टिकली, तर थर्मोकपल योग्य जागी आहे.

त्यानंतर पायलट फुंकून विझवावा व घड्याळ पाहावे. साधारण एका मिनिटाच्या आत झडप मिटल्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाजानंतर पायलटच्या तोंडाशी साबणाचे पाणी लावून गॅस थांबल्याची खात्री करावी.

शेवटची चाचणी बहुधा राहून जाते. पायलट ज्योत हळूहळू लहान करीत न्यावी. चुंबक अजून झडप धरून आहे, पण एवढ्या ज्योतीने बर्नर तत्काळ पेटत नाही, अशी स्थिती आढळल्यास जोडणी असुरक्षित समजावी. थर्मोकपलचे टोक असे सरकवावे की अशक्त ज्योतीने आधी झडपच मिटेल.

झडप मिटल्यावर बर्नरची तोटी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात व किमान ५ मिनिटांनीच पायलट पुन्हा पेटवावा. दर महिन्याला विझविण्याची चाचणी करून तारीख भिंतीवर नोंदवावी. झडप वारंवार मिटते म्हणून तिचे बटण दोरीने बांधून ठेवू नये. वारंवार मिटणारी झडप बहुधा दाब उतरल्याचे किंवा थर्मोकपल काजळल्याचे सांगत असते. दुरुस्ती त्याची करावी.