बंद पडलेला लॅपटॉप

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात चिखले नावाचे गाव आहे. डहाणूहून घोलवड-बोर्डीकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर ते लागते. गावाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या आहेत. माझी ताई तिथे राहते. तिच्या घराच्या ओट्यावर बसले की समुद्राचा वारा सरळ अंगावर येतो.

मागच्या पावसाळ्यात मी दोन दिवस ताईकडे गेलो होतो. शनिवारी सकाळी भाच्याच्या आवाजाने मला जाग आली.

"मामा, लवकर उठा! लॅपटॉप सुरूच होत नाही."

भाचा अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता. एका पुलाचा आराखडा तो महिनाभर लॅपटॉपवर तयार करत होता. सोमवारी तो कॉलेजात द्यायचा होता. आणि सगळे काम त्या एकाच यंत्रात होते!

हा लॅपटॉप साधा नव्हता, गेमिंग लॅपटॉप होता. तुम्हांला वाटेल, अभ्यासाला गेमिंग लॅपटॉप कशाला? खेळांतील हलती चित्रे भराभर दाखवण्यासाठी अशा लॅपटॉपमध्ये एक वेगळा ग्राफिक्स प्रोसेसर असतो. मोठे आराखडे काढतानाही तोच उपयोगी पडतो. भावजींनी चिकूच्या दोन हंगामांचे पैसे बाजूला ठेवून तो घेतला होता. भाचा त्यावर खेळतही असे, ही गोष्ट वेगळी.

रात्री विजा कडाडल्या होत्या. त्यामुळे शेजारच्या काकांनी लगेच निदान केले, "वीज शिरली त्यात. आता काही उपयोग नाही." भावजींनी शहरातल्या एका दुकानात फोन केला. तिथल्या माणसाने यंत्र न पाहताच सांगितले, "मदरबोर्ड गेला असेल. बदलावा लागेल." त्याने सांगितलेली रक्कम ऐकून भावजी गप्प झाले.

मी भाच्याला विचारले, "रात्री चार्जर लावलेला होता का?"

"नाही मामा. विजा सुरू झाल्या तेव्हाच प्लग काढून ठेवला होता. बॅटरी जवळजवळ भरलेली होती."

म्हणजे विजेवर आळ घेणे बरोबर नव्हते. तारच जोडलेली नसेल, तर तारेतून येणारा विजेचा झटका लॅपटॉपपर्यंत पोहोचणार कसा?

आम्ही भिंतीपासून सुरुवात केली. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला. तो लागला. म्हणजे घरातला वीजपुरवठा ठीक होता. मग चार्जर हातात घेतला. घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. लॅपटॉपला साधारण १९ ते २० व्होल्ट पुरतात. वीज उतरवण्याचे हे काम चार्जरमधला विटेसारखा ठोकळा करतो. त्याला अडॅप्टर म्हणतात. साध्या लॅपटॉपचा अडॅप्टर ६५ वॅटच्या आसपास असतो. भाच्याचा होता २३० वॅटचा, आणि खरोखरच विटेएवढा जड! म्हणूनच घरातला मोबाइलचा चार्जर त्याच्या जागी चालत नाही.

अडॅप्टर सॉकेटला लावला. त्याचा छोटा दिवा लागला. भाच्याचा चेहरा उजळला. पण अडॅप्टरची पिन लॅपटॉपमध्ये घालताच तो दिवा पटकन विझला. पिन काढली, अडॅप्टर सॉकेटपासून काढून थोड्या वेळाने पुन्हा लावला, तेव्हा दिवा लागला. पिन घातली, पुन्हा विझला.

"अडॅप्टर खराब आहे!" भाचा म्हणाला.

मलाही क्षणभर तसेच वाटले. पण अडॅप्टर एकटा असताना दिवा नीट लागत होता. लॅपटॉपला जोडला की विझत होता. पुढे कुठेतरी शॉर्ट असेल, म्हणजे वीज नको त्या वाटेने भलत्याच जोराने वाहत असेल, तर चांगला अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तसे नसते तर तो जळाला असता.

मग आम्ही एक ठरलेला उपाय केला. चार्जर काढून लॅपटॉपचे सुरू करण्याचे बटण तीस सेकंद दाबून धरले. लॅपटॉपच्या आत थोडी वीज साठून राहते आणि कधीकधी त्यामुळे यंत्र अडून बसते. बटण दाबून धरल्यावर ती निघून जाते. कितीतरी लॅपटॉप एवढ्यानेच सुरू होतात. आमचा झाला नाही. भाच्याने कान लावून पाहिले. पंख्याचा आवाज नव्हता. अंधार करून पडद्यावर टॉर्च मारली. तिथेही काही नव्हते. पंखा फिरत असता आणि पडदा काळा असता, तर बिघाड पडद्यात किंवा मेमरीत शोधावा लागला असता. इथे यंत्रात जीवच नव्हता.

मी भाच्याला म्हटले, "आपल्या गावाचा रस्ता आठव. चिखल्याला डहाणूकडूनही येता येते आणि घोलवडकडूनही. दोन्हीकडून एकही गाडी आली नाही, तर अडथळा कुठे असेल?"

तो विचार करून म्हणाला, "गावातच."

लॅपटॉपलाही वीज दोन वाटांनी मिळते, अडॅप्टरकडून आणि बॅटरीकडून. बॅटरी भरलेली होती आणि अडॅप्टर चांगला होता. तरी दोन्ही वाटांनी वीज पोहोचत नव्हती. म्हणजे बिघाड त्या वाटा जिथे मिळतात तिथे, मदरबोर्डवरच असणार. दुकानदाराचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. मात्र बोर्डवर बिघाड असणे वेगळे आणि सगळा बोर्ड बदलावा लागणे वेगळे.

भाचा पाना आणायला धावला. मी त्याला थांबवले. बॅटरी फुगलेली असली आणि तिला टोक लागले तर ती पेट घेऊ शकते. अडॅप्टर तर कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक वीज साठलेली असू शकते.

आम्ही लॅपटॉप पिशवीत घालून डहाणूला गेलो. दुरुस्ती करणारा तरुण कमी बोलणारा होता. त्याने खालचे झाकण उघडले आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली. आम्ही सांगितलेला सगळा क्रम त्याने ऐकून घेतला. दिवा विझतो हे ऐकल्यावर त्याने मान हलवली.

भाच्याला मात्र दुसरीच काळजी होती. "दादा, माझा आराखडा?"

त्या तरुणाने एक पातळ पट्टी काढली. च्युइंगगमच्या कांडीएवढी होती ती. "तुझे काम इथे आहे. बोर्ड बिघडला म्हणून हे जात नाही." ती एसएसडी होती. त्याने ती एका छोट्या केसमध्ये बसवून दुकानातल्या संगणकाला जोडली. काही लॅपटॉपांत ही माहिती कुलूपबंद असते आणि उघडण्यासाठी आकड्यांची लांबलचक किल्ली लागते. भाच्याचे नशीब, त्याच्यात तसे कुलूप नव्हते. पडद्यावर फाइलचे नाव दिसताच तो बाकावर मटकन बसला. त्याने लगेच तिची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग आणखी एक घेतली.

त्यानंतर मल्टिमीटरच्या तारा बोर्डवर फिरू लागल्या. एका ठिकाणी तो सारखा पीं वाजू लागला. तिथे मोहरीएवढा एक कपॅसिटर शॉर्ट झाला होता. त्याच्या भोवती हिरवट भुकटी जमली होती.

"हे काय?" मी विचारले.

"समुद्र," तो म्हणाला. "हा लॅपटॉप ओट्यावर ठेवून वापरता ना?"

भाच्याने मान खाली घातली.

गेमिंग लॅपटॉप फार तापतो. त्याला थंड ठेवण्यासाठी त्याचे पंखे साध्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतात. किनाऱ्यावर त्या हवेबरोबर मिठाचे बारीक कणही येतात. मीठ दमट हवेतले पाणी धरून ठेवते आणि तांबे खाऊ लागते. जुन्या तांब्याच्या भांड्यावर हिरवा थर चढतो, तसाच थर इथे चढला होता. हे एका रात्रीत घडले नव्हते. त्या रात्रीच्या पावसाने फक्त शेवटचा ओलावा दिला.

कपॅसिटर बदलला गेला, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ झाला. अडॅप्टर जोडला. या वेळी दिवा विझला नाही. बटण दाबल्यावर पंखे घरघरले. सगळा खर्च काही शे रुपयांत भागला. मात्र त्या तरुणाने बजावले, "गंज आणखी कुठे लागला असेल तर पुन्हा येईल. किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर ताईने सगळे ऐकले. ती काही बोलली नाही. तिने ओट्यावरचे टेबल उचलून मधल्या खोलीत नेले. आता उन्हाळ्यात त्या जागी चिकूच्या फोडी वाळत घातलेल्या असतात.