‘स्टेनोसिस’, ‘संकट’ आणि ‘सांकड’ : एका पारिभाषिक संज्ञेचा विचार

शरीरातील नलिका, झडपा वा द्वारे यांना विकारामुळे आलेले अरुंदपण वैद्यकात ‘स्टेनोसिस’ या संज्ञेने ओळखले जाते. ‘अरुंद’ या अर्थाच्या ‘स्टेनॉस’ या ग्रीक विशेषणापासून ती सिद्ध झाली आहे. कचेरीतला ‘स्टेनो’ही याच कुळातला, स्टेनोग्राफी म्हणजे मुळात अरुंद, आखडते लेखन.

मराठीत या संज्ञेसाठी ‘आकुंचन’, ‘संकोच’, ‘रोध’ असे शब्द योजता येतात. परंतु त्यांपैकी एकही निर्दोष नाही. हृदयाचे आकुंचन ही निरोगी क्रिया होय व तिच्यामागोमाग प्रसरण येतेच. जाड होऊन कडा एकमेकींस चिकटलेली झडप मात्र आपोआप मोकळी होत नाही. ‘झडपेचे आकुंचन’ हे शब्द ऐकणाऱ्या रुग्णाचा गैरसमज संभवतो तो नेमका येथे. ‘संकोच’ म्हणताच भिडस्तपणा आठवतो. ‘रोध’ हा अवस्था न सांगता परिणाम सांगतो; सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील ‘सन्निरुद्धगुद’ किंवा चरकाने स्रोतोदुष्टीत गणलेला ‘संग’ यांचाही रोख अडण्यावरच आहे.

या दृष्टीने संस्कृत ‘संकट’ शब्द विचारार्ह ठरतो. त्याचा अर्थ अरुंद, दाटलेले, आणि त्यावरून अरुंद वाट. आपत्ती हा अर्थ त्यातूनच पुढे आलेला. महाडहून वरंध घाटाने भोरकडे किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे जाताना कातळ आणि दरी यांच्यामध्ये रस्ता दाबला जातो, तेथे हे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. ‘खिंड’ शब्दाने हे साधत नाही. खिंड डोंगराला पडलेली फट दाखविते. ‘संकट’ वाटसरूची कोंडी दाखविते.

‘संकट’पासून आलेले ‘सांकडा’ (अरुंद) व ‘सांकड’ (अरुंदपण) हे शब्द जुन्या मराठीत रूढ होते. आज देवाला घातलेल्या ‘साकड्या’त अडचणीचा अर्थ तेवढा उरला आहे. कोकणातील ‘साकव’ही अरुंदच, पण तो ‘संक्रम’पासून आलेला, त्याला या कुळात ओढू नये.

‘झडपेची सांकड’ हा प्रयोग प्रथम कानाला जुनाट वाटेल. परंतु तो क्रिया वा परिणाम न सांगता अवस्था सांगतो, आणि ‘सांकडी झडप’, ‘सांकडी धमनी’ अशी विशेषणेही त्यातून सहज मिळतात. ‘आकुंचना’तून मिळणारे ‘आकुंचित’ पुन्हा क्रियेकडेच नेते.