नाव मोठे, लक्षणही खरे

हिशेबशास्त्रात ‘ख्याती’ ही एक विलक्षण मालमत्ता मानली जाते. इमारती, यंत्रसामग्री, मालसाठा आणि येणी यांची नोंद ताळेबंदात होते. परंतु संस्थेने वर्षानुवर्षे कष्टाने मिळवलेला नावलौकिक तेथे शोधूनही सापडत नाही. विकत घेतलेली ख्याती नोंदवता येते, स्वतः कमावलेली मात्र नाही. कारण तिची किंमत विश्वसनीय रीतीने मोजता येत नाही, असे लेखामानके सांगतात. तरीही दुकानात आलेला ग्राहक ‘लोणी द्या’ असे न म्हणता विशिष्ट नाव घेऊन मागणी करतो, तेव्हा तो व्यवहार याच न नोंदलेल्या मालमत्तेच्या बळावर होत असतो. ही मालमत्ता कशी निर्माण होते, याचा एक बोलका वस्तुपाठ म्हणजे ‘अमूल’.

गाऱ्हाण्यातून उभी राहिलेली संस्था

मुंबई शहराची दुधाची गरज भागवण्यासाठी १९४५ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने एक योजना आखली. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातून दूध गोळा करून मुंबईस पाठवण्याचे काम ‘पोल्सन’ या खासगी डेअरीकडे सोपवण्यात आले. शेतकऱ्याला दर ठरवण्यात काहीच वाव नव्हता; दूध नासण्याच्या भीतीने तो मिळेल तो भाव पत्करत असे. सरदार वल्लभभाई पटेल यांनी या शेतकऱ्यांना स्वतःची सहकारी संस्था काढण्याचा सल्ला दिला. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत सभा झाली. त्यानंतर पंधरा दिवस शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद ठेवले आणि सरकारला त्यांची मागणी मान्य करावी लागली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल यांच्याकडे संघाचे नेतृत्व आले. १९४९ मध्ये आणंदला आलेले तरुण अभियंता डॉ. वर्गीस कुरियन पुढे संघाचे सूत्रधार झाले.

संघाची कार्यपद्धती साधी होती. गावातील संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचे, त्यातील स्निग्धांश तपासायचा आणि त्यानुसार पैसे द्यायचे. रांगेत कोणाची जमीन किती, कोणाची जात कोणती, हे विचारले जात नसे. मोजमाप साऱ्यांच्या डोळ्यांदेखत होई. ‘अमूल’ या नावाची पहिली पत निर्माण झाली ती या रांगेत; ग्राहकाने ते नाव वेष्टनावर वाचण्याच्या कितीतरी आधी.

चव आणि चेहरा

केवळ चांगल्या हेतूने मात्र माल खपत नाही. त्या काळी बाजारात पोल्सनच्या लोण्याचे प्राबल्य होते आणि ग्राहकांच्या जिभेवर तीच चव रुळली होती. म्हशीच्या ताज्या दुधापासून बनवलेले संघाचे लोणी पांढरेशुभ्र होते आणि लोकांना ते सपक वाटले. ‘आमचे लोणी अधिक शुद्ध आहे’ असा हट्ट न धरता संघाने त्यात मीठ घातले, रंग घातला आणि ग्राहकाची आवड जाणून घेतली. दर्जा सांभाळावा, परंतु ग्राहकाला कमी लेखू नये, हा त्यातील धडा होय.

१९६६ मध्ये जाहिरातीचे काम सिल्वेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आले. युस्टेस फर्नांडिस या चित्रकाराने ठिपक्यांचा झगा घातलेली, निळ्या केसांची खट्याळ मुलगी रेखाटली. मुंबईच्या रस्त्यांवरील फलकांवर ती क्रिकेटपासून राजकारणापर्यंत सर्व विषयांवर मिस्कील भाष्य करू लागली. प्रत्येक फलक आधी दाखवून मंजुरी घ्यावी, अशी अट कुरियन यांनी घातली नाही. या विश्वासामुळेच जाहिरात ताजी राहिली. फलक पाहणाऱ्या कित्येकांना त्या दिवशी लोणी घ्यायचे नसे. ते केवळ ती आज काय म्हणते, हे पाहण्यासाठी मान वळवीत. जाहिरात अशा रीतीने लोकांच्या दैनंदिन संभाषणाचा भाग झाली.

नावाची वाटणी

या प्रवासातील सर्वांत विचार करायला लावणारी घटना जाहिरातीच्या क्षेत्रात घडली नाही. ती मालकीच्या क्षेत्रात घडली. खेड्याचे यश पाहून मेहसाणा, साबरकांठा, बनासकांठा, बडोदा आणि सुरत येथेही जिल्हा संघ उभे राहिले. हे सर्व जण एकमेकांविरुद्ध बाजारात उतरले असते, तर लाभ व्यापाऱ्यांचा झाला असता. म्हणून १९७३ मध्ये गुजरात सहकारी दूध विपणन महासंघ स्थापन झाला आणि खेडा संघाने आपले ‘अमूल’ हे नाव महासंघाच्या स्वाधीन केले. आपली सर्वांत मौल्यवान मालमत्ता शेजाऱ्यांबरोबर वाटून घेण्याचा हा निर्णय होता. खासगी व्यापारात असे औदार्य क्वचितच दिसते. परंतु वाटल्यामुळे ते नाव रोडावले नाही, उलट वाढले. २०२३-२४ मध्ये महासंघाची उलाढाल ५९,४४५ कोटी रुपये झाली. आज १८ जिल्हा संघ आणि सुमारे ३६ लाख उत्पादक त्या नावाखाली एकत्र आहेत.

नाव एकच असल्याने लोण्याने कमावलेला विश्वास चीजला, चॉकलेटला आणि १९९६ पासून आइस्क्रीमलाही उपयोगी पडला. प्रत्येक नव्या पदार्थाची ओळख शून्यापासून करून द्यावी लागली नाही. अर्थात या व्यवस्थेत जोखीमही आहे. एका छत्राखाली उभ्या असलेल्या एका मालात खोट निघाली, तर संशय साऱ्यांवर येतो. कर्जाच्या व्यवहारात सहकर्जदारांची जबाबदारी जशी सामायिक असते, तशीच ही जबाबदारी होय.

आपलेपणाची परीक्षा

१९७६ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती आणि स्मिता पाटील यांची त्यात प्रमुख भूमिका होती. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन या चित्रपटाची निर्मिती केली. दूध विकणारा शेतकरी आपल्या संस्थेच्या कथेसाठी खिशातून पैसे काढतो, तेव्हा ते नाव वस्तूच्या पलीकडे गेले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच सत्याची दुसरी बाजू २०२३ मध्ये दिसली. बंगळुरूमध्ये ताजे दूध विकण्याची घोषणा ‘अमूल’ने करताच कर्नाटकात ‘नंदिनी’च्या बाजूने लोकभावना उसळली. ‘नंदिनी’ ही आणंदच्याच पद्धतीवर उभ्या राहिलेल्या तेथील दूध महासंघाची नाममुद्रा. दुधाच्या पिशवीतील घटक दोन्हीकडे सारखेच. परंतु कर्नाटकातील अनेक ग्राहकांच्या मनात ‘नंदिनी’ म्हणजे आपल्या गावातील शेतकऱ्याचे घर होते. आणंदने जो आपलेपणा देशाला शिकवला, त्याच आपलेपणाची भिंत त्याच्यासमोर उभी राहिली. लोकांचे प्रेम वस्तूच्या चवीपुरते असते, तर असे घडले नसते.

बोध

येथून एक निष्कर्ष निघतो. नाममुद्रेचे एक टोक ग्राहकाच्या हाती असते आणि दुसरे ग्राहकाला न दिसणाऱ्या ठिकाणी, म्हणजे पुरवठादार आणि कर्मचारी यांच्याकडे. दिसणाऱ्या टोकाला रंगरंगोटी करता येते. न दिसणाऱ्या टोकाला केवळ सचोटीच टिकते. ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील सुमारे ८० पैसे उत्पादकाकडे परत जातात, असे महासंघ सांगतो. ‘अमूल’च्या लोकप्रियतेचा पाया फलकांपेक्षाही येथे अधिक आहे.

बँकेचा व्यवसाय तर संपूर्णपणे नावावरच चालतो. ठेवीदार आयुष्याची पुंजी काउंटरवर सोपवतो आणि पासबुकातील एक नोंद घेऊन निर्धास्तपणे घरी जातो. त्या निर्धास्तपणाची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. तो दररोज, प्रत्येक काउंटरवर, गावच्या दूध संस्थेतील मापाप्रमाणे चोख व्यवहाराने नव्याने कमवावा लागतो.